लाल क्रेटमधला एक जोड

कागद भिजतो. एवढंच कारण होतं. ज्या डायव्हिंग केंद्रात मी चार वर्षं शिकवलं, तिथे सगळ्या सह्या सकाळी आठ वाजता जेट्टीवरच्या टपरीत, चहाबरोबर व्हायच्या. हजेरीच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने. पहिला 'पाण्यात उतरले', दुसरा 'सुखरूप परत आले'. दोन्ही आम्ही एकदमच भरायचो. उतरण्याची वेळ साडेदहा, परतण्याची साडेअकरा. शिकणाऱ्यांनी दोन्ही रकान्यांत सही करायची आणि सगळ्यात खाली शिकवणाऱ्याची, म्हणजे माझी. बोटीत कागद बाहेर काढला की भिजतो, शाई फुटते, आणि परदेशातल्या ज्या संस्थेचं कार्ड आमच्या खिशात असायचं तिच्याकडे असला कागद पाठवता येत नाही, म्हणून.

ही पद्धत कोणी सुरू केली मला माहीत नाही. मी आले तेव्हा चालूच होती. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, हे मात्र सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल बाई आता शहाणपण शिकवायला बसल्या. विचारलं, "परत यायच्या आधीच परत आल्याची सही?" मालक म्हणाले, "मॅडम, कागद भिजतो ना." आणि मी सही केली. पहिल्या दिवशी हात जरा अडखळला. दुसऱ्या आठवड्यापासून तोही अडखळायचा थांबला.

मी इथलीच. आमची नारळी-सुपारीची वाडी बोर्ली पंचतनपासून समुद्राच्या अंगाला, सायकलवर पंधरा मिनिटं. शाळेत पीटीची बाई म्हणून अठरा वर्षं शिट्टी वाजवली. मग शाळेच्या कामाचा कंटाळा आला आणि चाळिशी उलटल्यावर पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात उतरायला शिकले. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. शिकले, परीक्षा दिल्या, शिकवायचं कार्ड मिळवलं, आणि आमच्याच किनाऱ्यावर शिकवायला उभी राहिले. त्या कार्डाचा मला गर्व होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू?

आमचं पाणी चित्रातलं नाही. निळंशार पाणी आणि रंगीत मासे बघायचे असतील तर लोकांनी खाली मालवणाकडे जावं. इथे हात लांब केला तर आपली बोटं दिसली तरी नशीब. हिवाळ्यात, अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीला जोर नसतो तेव्हा खडकांच्या बेटामागे पाणी जरा निवळतं. ते दिवस उतरायचे. पुनवेला आणि अमावस्येला उधाण असतं, तळाचा गाळ वर येतो आणि ओढ असते. हे इथल्या कोणालाही कळतं. आमच्या मालकांना कळत नव्हतं असं नाही. पण ते नवी मुंबईचे, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मॅडम, लोक संडेला येतात. अष्टमीला कोण येतं?"

बोट नाखवांची होती. केंद्राची स्वतःची बोट नव्हती, शनिवार-रविवार त्यांची घ्यायची. साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा, बोलला तर तोंडावर बोलणारा माणूस. त्यांच्या बोटीत चप्पल घालून पाऊल टाकायचं नाही, कोणीही असो. बोट म्हणजे घरची लक्ष्मी. म्हणून नाळेशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, मासळीचे दोन प्लास्टिकचे क्रेट ठेवलेले असत, एक लाल आणि एक निळा. चढताना चपला निळ्या क्रेटमध्ये. माणूस पाण्यात उतरला की नाखवा स्वतःच्या हाताने त्याचा जोड निळ्यातून लाल क्रेटमध्ये टाकत. माणूस शिडीवरून वर आला की जोड परत निळ्यात. लाल क्रेट रिकामा झाल्याशिवाय इंजिन चालू होत नसे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या वडलांच्या वेळी जाळं सोडवायला माणसं पाण्यात उतरायची, तेव्हापासूनचं होतं.

आम्ही हसायचो. मालक तर पाहुण्यांना सांगायचे, "हमारा देसी कम्प्युटर देखो." लोक क्रेटचे फोटो काढायचे. मीही हसले आहे, एकदा नाही, दहादा. नाखवांनी कधी मान वर करून बघितलं नाही.

चौथ्या वर्षी माझ्याकडे शिकायला आलेल्यांत बोर्लीच्या पतपेढीतली एक बाई होती. काउंटरवर बसणारी, छत्तिशीची, माहेर आतल्या भातशेतीच्या गावातलं, पोहायला गावच्या विहिरीत शिकलेली. आमच्या तालुक्यातून आलेली ती माझी पहिली विद्यार्थिनी. बाकी सगळे मुंबई-पुण्याचे, दोन दिवसांत कार्ड आणि फोटो घेऊन जाणारे. ही दर रविवारी यायची आणि वहीत प्रश्न लिहून आणायची. एकदा मला म्हणाली, "मॅडम, मला नुसतं कार्ड नकोय. मला तुमच्यासारखं शिकवायचंय. इथेच, आपल्या पाण्यात." माझी छाती एवढी फुगली की काय सांगू! तिच्या पायात जांभळ्या प्लास्टिकच्या चपला असायच्या आणि डावीचा पट्टा सेफ्टी पिनेने अडकवलेला. मी चिडवायचे, "अगं, लोकांच्या ठेवी मोजतेस आणि एक चप्पल घेववत नाही?" ती म्हणायची, "चांगलीये की अजून."

ज्या रविवारबद्दल सांगायचंय, त्याच्या आदल्या दिवशी पुनव होती.

शिकणारे सात होते. अशा गढूळ पाण्यात एका शिकवणाऱ्यामागे चार, त्याच्यावर नाही, हे आमच्या पुस्तकात छापलेलं आहे. म्हणून कागदावर आम्ही दोघं होतो, मी आणि दुसरा एक प्रशिक्षक. त्याने शनिवारच्या आणि रविवारच्या दोन्ही कागदांवर शुक्रवारीच सह्या करून ठेवल्या होत्या. रविवारी सकाळी त्याला ताप भरला. तो आला नाही. कागद बदलला नाही. पाण्यात प्रत्येकाला एक जोडीदार असतो, ज्याच्यावर त्याने नजर ठेवायची आणि ज्याने याच्यावर. सात म्हणजे तीन जोड्या आणि एक उरतो. उरलेली होती ती. तिचा जोडीदार म्हणून कागदावर त्या तापाने फणफणलेल्या प्रशिक्षकाचं नाव होतं.

टपरीत मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या पण दोघांना भारी आहात." नाखवा जेट्टीवर दोर सोडत होते. ते म्हणाले, "बाय, काल पुनव झाली. वढ हाय आज." मी दोघांचंही ऐकलं. खरं म्हणजे ज्याचं ऐकायला गोड वाटलं त्याचं ऐकलं. तिने माझ्यासमोर चहाचा कप कागदावर ठेवून दोन्ही रकान्यांत सह्या केल्या आणि मी खाली केली. कपाचा गोल डाग कागदावर उमटला.

खाली जाताना मी सगळ्यांना नांगराची दोरी धरून एकामागे एक नेलं. मी पुढे, ती सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यांत तयारीची. जे सगळ्यांत बरं शिकतं त्यालाच आपण वाऱ्यावर सोडतो, शाळेतही तेच करायचे मी. पाण्यात मला माझ्या मागचे दोघं दिसत होते, त्यांच्यामागे नुसता गाळ. पुढे काय झालं ते मला तिच्याकडून नंतर कळलं. तिच्या पुढच्या माणसाचा पाय तिच्या तोंडावर बसला, मास्क निघाला, मास्क धरायला हात गेला आणि दोरी सुटली. ओढीने ती बाजूला गेली आणि एकदम खोल खेचली गेली. खाली जाताना हातभर, हातभर थांबून, नाक दाबून कान मोकळे करायचे असतात. तिला तेवढा वेळच मिळाला नाही. डाव्या कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं, ती म्हणाली, आणि मग तोंडात कोमट रक्ताची चव आली. तरीही शिकवलं होतं तसं तिने जॅकेटमध्ये हवा भरली आणि वर आली. बोट तिला दिसत होती. बोटीला ती दिसत नव्हती. जॅकेटला शिट्टी असते, ती वाजवायची असते. तिच्या जॅकेटची शिट्टी दिवाळीपासून तुटलेली होती. मला माहीत होतं. मी मालकांना दोनदा सांगितलं होतं आणि तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं होतं.

मी बाकीच्यांना घेऊन वर आले. एकाला उलट्या सुरू झाल्या होत्या, त्याचं डोकं पाण्यावर धरून मी माणसं मोजली. सात. सात डोकी, सात मास्क. त्यातलं एक डोकं नाखवांच्या मेहुण्याचं होतं. शिडी धरायला तो जुना सूट घालून पाण्यात उतरला होता. काळ्या सूटमध्ये आणि मास्कमध्ये सगळे सारखेच दिसतात, हे मी शिकवते लोकांना. मालकांनी वरून विचारलं, "ऑल?" मी म्हटलं, "ऑल."

सगळे वर चढले. मालकांनी घड्याळ बघितलं, ओढ वाढत होती, म्हणाले, "चला." नाखवा इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसले. झाकणावर, म्हणजे इंजिन चालू करायचंच नाही अशा बेताने. "न्हाय," ते म्हणाले. "लाल क्रेटात एक जोड हाय."

"काका, कोणाचा तरी हलवायचा राहिला असेल," मालक म्हणाले. त्यांच्या हातात कागद होता, त्यांनी तो दाखवला. "सगळ्यांच्या सह्या आहेत, बघा. सुखरूप परत."

"जोड मी हलवतो. लोक न्हाय हलवत."

मी क्रेटपाशी गेले. जांभळी चप्पल. पट्ट्याला सेफ्टी पिन.

पुढचा अर्धा तास माझ्या आठवणीत सलग नाही. मी पाण्यात होते, एवढं आठवतं. वर नाखवा ओढ कुठे जाते ते बघत बोट हळूहळू उत्तरेला नेत होते आणि मेहुणा टपावर उभा राहून हाका मारत होता. पावणेबाराच्या सुमारास ती सापडली, मासळीच्या जाळ्याच्या एका तरंगत्या बोयाला दोन्ही हातांनी मिठी मारलेली. तिला वर घेतलं तर हात सुटेनात. कानातून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत आला होता. नाखवांनी तिच्या अंगावर स्वतःचं घोंगडं टाकलं, मग वाकून ती जांभळी चप्पल लाल क्रेटमधून निळ्यात ठेवली आणि तेव्हाच इंजिन चालू केलं. दवाखान्यात वेळा सांगाव्या लागतील म्हणून हजेरीचा तो कागद मी लिहायच्या फळीसकट काखेत मारला होता. तो माझ्याकडेच राहिला. ठरवून नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

तिचा डावा कान गेला. ऐकू येत नाही आणि आता कधी येणारही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याखाली परत जायचं नाही, कधीच नाही. तिला शिकवायचं होतं, आपल्या पाण्यात.

पाचव्या दिवशी मालक आमच्या घरी आले. आईने कोकम सरबत दिलं. त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कोरा करकरीत कागद काढला. नवीन हजेरी. त्यावर आम्ही दोघं प्रशिक्षक हजर होतो, त्या तापवाल्याची सहीसुद्धा होती. तिच्या नावापुढे दुसरा रकाना कोरा आणि शेरा: विद्यार्थिनीने सूचना न पाळता स्वेच्छेने गट सोडला. खाली आणखी एक ओळ: बोटचालकाने परवानगी न घेता बोट जागेवरून हलवली, त्यामुळे शोधास विलंब झाला. त्याखाली माझं नाव टाइप केलेलं आणि सहीची जागा.

माझं डोकं सणकलं. मी विचारलं, "नाखवांनी बोट हलवली म्हणून ती सापडली. हे तुम्ही उलटं कसं लिहिलंत?"

"मॅडम, टेन्शन नका घेऊ, फॉर्मॅलिटी आहे. चौकशी लागलीये. कोणाचं तरी नाव लिहावं लागतं. त्यांचा प्रवासी परवाना गेला तर जाळं आहे त्यांच्याकडे, मासे मारतील. तुमचं कार्ड गेलं तर तुम्ही काय करणार?"

"आणि तिचं?"

"ती तर आता तसंही डायव्हिंग करू शकत नाही ना," ते म्हणाले. चेहऱ्यावर वाईट भाव नव्हता, खरंच नव्हता. त्यांच्या मते ते माझी सोय बघत होते. "आपण सगळे एकाच बोटीत आहोत, मॅडम."

"बोटीत नाही," मी म्हटलं. "बोटीत लाल क्रेट असतो." आणि त्यांना जायला सांगितलं. आई दारातून म्हणाली, "सरबत तेवढं संपवू दे त्यांना." आमच्याकडे भांडणातसुद्धा पाहुणचार सुटत नाही.

त्याच संध्याकाळी मी चौकशीवाल्यांना खरं काय ते कळवलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तीन दिवस मी गप्प बसले. मुंबईहून भावाचा फोन आला, तो म्हणाला, "ताई, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेशील." आणि तो चुकीचं बोलत नव्हता. खरा कागद पुढे केला तर त्यावर पहिली खोटी सही माझी निघणार होती. माझं कार्ड जाणार होतं. चाळिशीनंतर मी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली तेवढी एकच गोष्ट होती.

चौथ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. कानात कापूस, मांडीवर तिची ती प्रश्नांची वही. माझं बोलणं ऐकायला तिने मान वळवून उजवा कान पुढे केला, तेव्हा मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तिला नव्या कागदाबद्दल सांगितलं. स्वेच्छेने गट सोडला, हे ऐकून ती म्हणाली, "मी दोरी सोडली नाही, मॅडम. सुटली." मग तिने वही मिटली आणि विचारलं, "जुना कागद कुठाय?"

"माझ्याकडे."

"त्याच्यावर मी सही केलीय ना, परत आले म्हणून? साडेअकराची?"

"केलीयस."

"साडेअकराला मी त्या बोयाला धरून होते." ती हिशेब जुळवल्यासारखं बोलत होती. "मी आलेच नसते, तर तो कागद दाखवला असता त्यांनी? माझ्या घरच्यांना?"

मी खोटं बोलू शकले असते. "दाखवला असता," मी म्हटलं. "आणि त्याखाली माझी सही असती."

त्या दिवशी घरी परत येताना माझं ठरलं. ते शौर्य वगैरे नव्हतं. मला राग आला होता, मालकांचा अर्धा आणि माझा पूर्ण.

चौकशी जिल्ह्याच्या गावी होती. बाहेरच्या बाकावर नाखवा बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत परवाना. मी शेजारी बसले तर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत मालक होते, त्यांचा वकील होता आणि तो तापवाला प्रशिक्षक खाली मान घालून बसला होता. चौकशी करणारे साहेब निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे. त्यांच्यासमोर नवा कागद होता. मी पिशवीतून जुना काढला आणि त्याच्यावर ठेवला.

"हे काय?"

"त्या दिवशीची खरी हजेरी."

त्यांनी वाचली. परत वाचली. "यात तर सगळे साडेअकराला सुखरूप परत आलेत. सातही. त्या बाईंचीसुद्धा सही आहे. खाली तुमची."

"माझीच आहे."

"साडेअकराला तुम्ही कुठे होतात?"

"पाण्यात. तिला शोधत होते."

"मग ही सही केव्हाची?"

"सकाळी आठची. टपरीवरची. तो डाग चहाच्या कपाचा आहे. दर वेळी अशाच होतात सह्या, चार वर्षं मी तशाच केल्यात. आणि ही दुसरी सही शुक्रवारची आहे. हे सर त्या दिवशी तापाने घरी होते, सात जणांना घेऊन मी एकटी उतरले. बाहेर बसलेत त्या नाखवांनी उतरायच्या आधी ओढ आहे म्हणून सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही. माणसं मोजताना मी चुकले. ते चुकले नाहीत. त्यांनी बोट हलवली नसती तर आज आपण वेगळ्या कामासाठी जमलो असतो."

वकील उठले आणि म्हणाले, बाई भावनेच्या भरात बोलताहेत. मी म्हटलं, "भरात तर भरात, घड्याळ काही भरात नव्हतं. साडेअकराला ती कुठे होती ते तिला विचारा, जोराने विचारा, एकाच कानाने ऐकू येतं." तापवाल्या प्रशिक्षकाला साहेबांनी विचारलं, तुम्ही होतात का बोटीवर? त्याने मान वर केली नाही. नुसती डावी-उजवीकडे हलवली.

साहेबांनी पेन उचललं आणि थांबले. सज्जन माणूस होता, मला वाचवायचा प्रयत्न करत होता. "मॅडम, हे असंच्या असं लिहिलं तर तुमचं कार्ड जाईल. विचार करा हवं तर."

"लिहा," मी म्हटलं.

कार्ड गेलं. पत्र आलं, गोड इंग्रजीत, की माझी शिकवण्याची मान्यता काढून घेण्यात येत आहे. मालकांचं केंद्र बंद झालं आणि तीन महिन्यांनी दोन गावं पलीकडे नव्या रंगाच्या पाटीसह उघडलं, मालकी कागदावर मालकांच्या मेहुण्याची. ते बघून तळपायाची आग मस्तकात गेली आणि अजून पूर्ण उतरलेली नाही. नाखवांचा परवाना मात्र राहिला. मला वाटलं होतं ते येऊन काहीतरी बरं बोलतील. ते आले, पडवीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाय, मोजणी तुझी व्हती. वढ बी सांगितली व्हती मी."

"व्हय," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि उठले. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता. आता नाही येत.

शिकवायचं माझं बंद झालं, पण जेट्टीवर उभं राहायला कोणाचं कार्ड लागत नाही. हंगामात दर रविवारी सकाळी आठला मी टपरीपाशी असते. कुठल्याही केंद्राची माणसं बोटीत चढायला लागली की मी त्यांना गाठते. तुमचा जोडीदार कोण, तो आत्ता इथे उभा आहे का? एका शिकवणाऱ्यामागे तुम्ही किती? जॅकेटची शिट्टी वाजवून बघितलीत? आणि परत आल्याची सही तुम्ही कधी करणार? सगळ्यांनाच आवडत नाही. एका केंद्रवाल्याने मला विचारलं, जेट्टी काय तुमच्या बापाची आहे का? मी म्हटलं, "नाही, पण तुमच्याही नाही." काही जण गिऱ्हाईक तोडते म्हणून बोंब मारतात. मारू देत. पतपेढीला रविवारची सुट्टी असते, तेव्हा ती माझ्याबरोबर येते. कोणी आमच्यावर ओरडायला लागलं की ती त्याच्याकडे डावा कान करून शांतपणे उभी राहते. तिची प्रश्नांची वही आता ती दुसऱ्यांच्या हातात देते.

मागच्या हिवाळ्यात, अष्टमीला धरून, एका नव्या केंद्राने नाखवांची बोट घेतली होती. टपरीत कागद फिरत होता, तसाच, दोन रकान्यांचा. पुण्याहून आलेली एक मुलगी, कॉलेजातली असेल, आमचे प्रश्न ऐकून टपरीत गेली होती. कागद तिच्यापाशी आला. तिने पहिल्या रकान्यात सही केली, पेनाला टोपण लावलं आणि कागद परत दिला.

"मॅडम, दोन्हीकडे करायची आहे," केंद्राचा माणूस म्हणाला.

"ती परत आल्यावर करते."

"अहो, बोटीत कागद भिजतो."

"भिजू दे," ती म्हणाली आणि चपला काढून बोटीत चढली. त्याने माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. तिच्या मागच्या चौघांनीही दुसरा रकाना कोरा ठेवला. नाखवांनी एकेक जोड निळ्या क्रेटमध्ये रचला.

सव्वाबाराला बोट परत आली. ती मुलगी फळकुटावर उतरली, केस निथळत होते, तिने हात लांब करून कागद मागितला आणि गुडघ्यावर ठेवून सही केली. पाण्याचे थेंब पडले, शाई पसरली, नाव काही वाचता येईना. केंद्राचा माणूस म्हणाला, "बघा, सांगितलं होतं ना, आता हा कागद काय कामाचा?"

माझी पतपेढीतली विद्यार्थिनी माझ्या शेजारी उभी राहून उजवा कान पुढे करून ऐकत होती. तिने त्याच्या हातातून तो ओला कागद घेतला, दोन कोपऱ्यांना धरून टपरीच्या तारेवर चिमट्याने वाळत घातला आणि तो वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथे चहा पीत बसलो.